बारा नंबरची लादी

शालू, परवा लॅबमध्ये तुझ्या जागी आलेले तिवारीजी मला म्हणाले, "मिस्त्रीजी, मॅडम की कुर्सी पर बैठ जाइए." मी बसलो नाही. खिडकीपाशी सिमेंटची रिकामी पोती रचलेली असतात, त्यांच्यावर बसलो. तिथूनच तर मी तुला इतकी वर्षं पाहिली. दुपारचं ऊन तिरपं होऊन टाकीतल्या पाण्यावर पडायचं, त्याची जाळी छतावर हलायची, आणि त्या हलत्या जाळीखाली तू गुडघे टेकून लादीला कान लावलेला. परवाही जाळी होती. मी तिच्याकडे बघत बसलो. मला वाटत राहिलं, आता टेबलाच्या मागून तुझा आवाज येईल, "अण्णा, श्वास हळू घ्या, मला पाणी ऐकू येत नाहीये."

इथल्या मराठी मंडळाचे लोक आले होते. म्हणाले, शालिनीबाईंवर छोटा अंक काढतोय, तुम्ही त्यांच्या लॅबमध्ये होतात, दोन शब्द सांगा, आम्ही लिहून घेतो. मला राग आला. चौथीपर्यंत शिकलो म्हणून काय झालं, लिहिता मला येतं. सावकाश येतं, पण येतं. तू किती शिकलीस, तुझे कागद कुठे कुठे छापून आले, ते बाकीचे लिहितील. मला तुझ्याशी बोलायचं आहे. एक गोष्ट दोन वर्षं माझ्या पोटात राहिली. ती तुझ्यासमोर काढायला मला उशीर झाला.

कॉलेजच्या आवारात तू मॅडम, आणि गल्लीत शिरलं की शालू. तुझं घर आमच्या समोर. तुझे पूर्वज पोथ्या घेऊन या झाशीत आले आणि माझे तलवार घेऊन. यावरून तू मला छळायचीस. "अण्णा, आमच्या लोकांनी मुहूर्त काढला आणि तुमच्या लोकांनी मार खाल्ला." मी म्हणायचो, "मुहूर्त चुकला म्हणूनच मार पडला." तू हसायचीस ती पार खोकला लागेपर्यंत. दिवसभर सगळ्यांशी हिंदी बोलायचीस आणि माझ्याशी मराठी. तीही बहुतेक भांडायला.

पहिलं भांडण तर मला शब्द न् शब्द आठवतं. मी काम सोडून घरी बसलो होतो, गुडघे धरले होते. तू दारात उभी राहून म्हणालीस, "अण्णा, मला एक लादी करून द्या. गळकी."

"गळकी?"

"हो. वरून पाणी ओतलं की खालून गेलं पाहिजे."

मी पन्नास वर्षं पाणी अडवत आलो होतो. गच्च्या केल्या, हौद केले, मोऱ्या केल्या. माझ्या हातची गच्ची गळते असं या गावात एका माणसाने म्हणून दाखवावं. आणि ही मुलगी मला गळकं काम सांगते. मी म्हटलं, "दुसरा मिस्त्री बघ."

"दुसऱ्याला नाही जमणार. त्यात वाळू घालायची नाही. नुसती गिट्टी, सिमेंट आणि बेताचं पाणी."

"वाळू न घालता काय लाडू वळायचे?"

"लाडूच. मुरमुऱ्याचा लाडू बघितलाय ना? दाण्याला दाणा धरून असतो आणि मधे हवा. तसं काँक्रीट पाहिजे. सिमेंट जास्त झालं तर भोकं बुजतात, कमी झालं तर गिट्टी सुटते. म्हणून तुमच्याकडे आले."

माझा गर्व तुला ठाऊक होता, तिथेच बोट ठेवलंस. दुसऱ्या दिवशी मी थापी घेऊन हजर.

माझी समजूत तू पुढे हळूहळू घातलीस. म्हणालीस, आपल्या लहानपणी गल्लीत माती होती, पाणी जिरायचं. आता घरापासून नाल्यापर्यंत सगळं सिमेंट. पडलेलं पाणी धावत नाल्यात जातं, आणि चैत्र लागला की विहिरीत बादली तळाला आपटते. रस्ताच पाणी प्यायला लागला तर? मी म्हटलं, रस्ता पाणी पिईल त्याबरोबर धूळही खाईल, आणि मग तोंड मिटून बसेल. तू टाळी वाजवलीस. "तेच बघायचं आहे अण्णा. किती धूळ खाल्ली की तोंड मिटतं, आणि मिटलं तर उघडायचं कसं."

आपण पाच वर्षं हेच केलं. लादीवर लोखंडी कडं ठेवायचं, कडेने पुट्टी कणकेसारखी दाबून बसवायची, म्हणजे पाणी बाजूने पळायला नको. मग कड्याच्या आतल्या दोन रेघांच्या मधे पाण्याची पातळी राहील असं ओतत राहायचं, आणि सगळं पाणी खाली जायला किती वेळ लागतो ते बघायचं. तुझ्या हातात घड्याळ आणि मी मनात आकडे म्हणायचो. तू विचारायचीस, "किती?" माझा आकडा आणि तुझं घड्याळ जुळलं की माझी मान ताठ व्हायची. नाही जुळलं की मी म्हणायचो, घड्याळजीला दाखव ते.

आणि त्या बरण्या. रविवारी सकाळी तू झाडू आणि डबा घेऊन धूळ गोळा करत फिरायचीस, लोक बघत राहायचे. एका बरणीवर लिहिलेलं इलाइट चौराहा, एकीवर चिरगाँव बस अड्डा, एकीत एरचहून आणलेली बेतवा नदीची बारीक रेती, एकीत टेकडीची लाल माती. अशा सात. मसाल्याच्या डब्यासारख्या ओळीने मांडलेल्या. म्हणायचीस, "ही सगळी झाशी आहे, अण्णा. सात बरण्यांत." मग चमच्याने मोजून धूळ पाण्यात कालवायची, लादीवर ओतायची, वेळ बघायची, पुन्हा ओतायची. लादी हळूहळू जड होत जायची, म्हाताऱ्या माणसाच्या छातीसारखी. पाणी वर तळं करून थांबायचं. मग तू ती झाडायचीस, यंत्राने धूळ ओढून घ्यायचीस, जोराच्या पाण्याने धुवायचीस, आणि पुन्हा कान लावायचीस. पाणी आत शिरलं की तुझा चेहरा बदलायचा. मूल झोपेत हसतं तसा.

मी एकदा कान लावला होता, तू बाहेर गेली होतीस तेव्हा. तुला सांगितलं नाही. आतून आवाज येत होता, लांब कुठेतरी बायका ओट्यावर बसून हळू बोलताहेत असा. शब्द कळत नव्हते, पण माझी आई त्यात असावी असं वाटलं. मी कान काढला तेव्हा अर्धा गाल ओला होता.

आता ती गोष्ट.

अकरा मिश्रणं झाली होती. कशात लांबून मागवलेला दगड, कशात पोत्यातून आलेली भुकटी. बारावं तुझं लाडकं होतं. त्यात सगळं इथलं. आपल्याच टेकड्यांचा करडा दगड, आपल्याच खदानीवर फोडलेली गिट्टी. तू म्हणालीस, "हे जमलं ना अण्णा, तर कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. झाशी आपली आपण पाणी पिईल." मी लाद्या ओतल्या, तीन ओतल्या, माझ्या हातून इतक्या सुरेख कधी उतरल्या नव्हत्या. आणि त्याच संध्याकाळी तुला आठवड्यासाठी भोपाळला जावं लागलं, तुझ्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. जाताना बजावून गेलीस, "ओलं पोतं आणि वरून प्लास्टिक. बाकी काही नाही. वरून पाणी मारू नका."

ज्येष्ठ होता. गरम वाऱ्याची लू अशी सुटली होती की तारेवरचं धोतर वाळण्याआधी फाटेल. पोतं ओलं करून पाठ फिरवली की कडक. माझा जीव राहीना. कच्च्या सिमेंटला पाणी मिळालं नाही तर ते तडकतं. या पाणी देण्याला आम्ही तराई म्हणतो, आणि मिस्त्रीची तराई कशी असते ते सगळ्या गावाला माहीत आहे: स्लॅबवर चिकणमातीची छोटी छोटी आळी बांधायची आणि त्यात पाणी भरून ठेवायचं, भाताच्या खाचरासारखं. पोत्याने काय होणार. म्हटलं, पोरीची लाडकी लादी आहे, हिला तराई मी माझ्या हाताने देणार. तळ्यावरून पिवळी माती आणली, मऊ, लोण्यासारखी. आळी बांधली. पाणी भरलं.

पाणी गेलं. जाणारच. तिला गळकी मीच केली होती ना.

आणि शालू, मी थांबलो नाही. माझ्या आळ्यातून पाणी जातं म्हणजे काय. मी आणखी माती लावली. पुन्हा भरलं, पुन्हा गेलं, पुन्हा माती दाबली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही दिवशी तेच. तिन्ही लाद्यांना. चौथ्या दिवशी पाणी थांबलं. मला आनंद झाला. मला आनंद झाला, हे मी लिहून ठेवतो. तू यायच्या आदल्या दिवशी माती खरवडली, ब्रशने लाद्या घासल्या, वरून चकाचक केल्या, आणि ओलं पोतं आणि प्लास्टिक घालून ठेवलं.

तू आलीस, कडं बसवलंस, स्वच्छ पाणी ओतलंस. पाणी वर उभं राहिलं. तू घड्याळ बघितलंस, मग माझ्याकडे बघितलंस. मी आकडे म्हणायचे सोडून दिले होते. लादीला कान लावलास. बराच वेळ लावलास. उठलीस तेव्हा तुझ्या गालावर खडबडीत खुणा होत्या.

"अण्णा, तराईच्या वेळी काही झालं का?"

तिथे मी बोलायला हवं होतं. मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. म्हणालो, "पन्नास वर्षं थापी धरलीय. तू जन्मायच्या आधीपासून. मला तराई शिकवतेस?"

तू घाबरलीस. लगेच म्हणालीस, "सॉरी अण्णा. चुकलं माझं. मी असं विचारायला नको होतं." आणि माझ्यासाठी चहा मागवलास. मी तो प्यायलो.

मग तू आपलं आपण कारण शोधलंस. सिमेंटचा लेप पातळ होऊन खाली उतरला असेल, तळाशी बसला असेल, या दगडाचा दोष असेल. रजिस्टरात लिहिलंस: मिश्रण बारह, जल-निकास अपर्याप्त, आगे न लिया जाए. तुझं अक्षर त्या ओळीत जरा खाली घसरलं आहे. मी ती ओळ रोज बघत होतो. रजिस्टर उघडं नसलं तरी बघत होतो. तू म्हणायचीस, वेळ मिळाला की बारा नंबर पुन्हा एकदा करू. मी म्हणायचो, करू. मग अहवालाची घाई झाली, मग दुसरं काम आलं, मग तुझं दुखणं.

दवाखान्यात भेटायला आलो तो दिवस. तू बरीच वाळली होतीस. डोळे मिटूनच म्हणालीस, "अण्णा, थंडीत बारा नंबर करू. लू नसते तेव्हा." मी तोंड उघडलं. शब्द जिभेवर आले होते, चिकणमातीसारखे. आणि मी काय बोललो, तर "पाणी पितेस का?" तू मान हलवलीस. मी चमच्याने पाणी पाजलं. ते तुझ्या घशातून उतरताना मला ऐकू आलं. त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही.

हल्ली दुपारी डोळा लागला की मला एकच दिसतं. सगळं गाव करड्या जाळीच्या दगडाचं झालेलं आहे. गल्ल्या, चौक, देवळाचं आवार, इलाइटचा चौराहासुद्धा. आकाशातून पाणी उतरतंय, आणि रस्त्यावर थेंबही उभा राहत नाही. लोक कोरड्या चपलांनी चालताहेत. पायाखाली पाणी बोलत बोलत विहिरींकडे निघालं आहे. तू पुढे अनवाणी, साडीचा काठ हातात धरलेला, मागे वळून बघत नाहीस. मी हाक मारतो तर माझ्या तोंडात माती.

तुझ्या दहाव्याला घाटावरून परतलो आणि माझे पाय घरी न जाता कॉलेजकडे वळले. तुझ्या जागेवर आता तिवारीजी आहेत. माणूस भला आहे, तुझं नाव घेताना आवाज खाली करतो. मागच्या दाराशी जुन्या लाद्यांचा ढीग लावला होता, मलबा न्यायला गाडी यायची होती. ढिगात वरच बारा नंबर. तुझ्या हातचा निळा आकडा.

मी विचारलं, "ये क्यों फेंक रहे हैं?"

"मिस्त्रीजी, पिछला आँगन पक्का हो रहा है, जगह चाहिए. मॅडम का बड़ा मन था कि वहाँ जालीदार वाला डले. पर उन्होंने ही तो लिखा है, यहाँ की गिट्टी काम की नहीं. बाहर से कौन मँगाएगा."

उन्होंने ही तो लिखा है. शालू, माझ्या मातीवर तुझी सही होती.

मी लादी उचलून दारातच आपटली. दोन तुकडे झाले. तिवारीजी मागे सरकले, त्यांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी तुकडा त्यांच्या नाकासमोर धरला. आत, करड्या खड्यांच्या मधे, पिवळी माती. लोण्यासारखी, सुकून टणक झालेली. मी म्हटलं, "मॅडम की सातों बरनी देख लीजिए. ये मिट्टी किसी में नहीं है. ये तालाब की है. मैं लाया था." आणि सगळं सांगितलं. आळी, पाणी, ब्रश, आणि तुला काय बोललो तेसुद्धा. हिंदीत सांगणं सोपं गेलं. मराठीत मी फक्त तुझ्याशी बोलत होतो.

त्यांनी तुकड्यातली माती नखाने खरवडून पाहिली. मग म्हणाले, "पानी से निकलेगी?"

बारा नंबरचीच दुसरी लादी मी टाकीत उलटी बुडवून ठेवली, माती ज्या बाजूने गेली तिथूनच परत यावी म्हणून. रोज काढायचो, पालथीच धरून पाण्याची धार मारायचो, पुन्हा बुडवायचो. पाणी पिवळं होत होतं. चौथ्या दिवशी कडं बसवलं, पुट्टी दाबली. तिवारीजींच्या हातात घड्याळ होतं. मी पाणी ओतलं, आणि ते गेलं. पुरतं मोकळं नाही, माती आत घट्ट धरून बसली आहे. पण गेलं. वर तळं झालं नाही. तिवारीजींनी विचारलं, "मिस्त्रीजी, आपकी गिनती कितनी हुई?" मी सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मग त्यांनी रजिस्टर काढलं. म्हणाले, तुमच्या वयाला आता हे कशाला, मी असं लिहितो की परिणाम संदिग्ध, दोबारा परीक्षण हो. कुणाचं नाव नको.

मी नको म्हटलं. "नाम लिखा जाएगा." तुला माझा स्वभाव माहीत आहे. मी केलेल्या गच्चीवर दुसऱ्याचं नाव मी लावू दिलं नाही, मग माझी चूक बिननावाची कशी जाऊ देऊ. आणि तीही तुझ्या नावाखाली. ते पेन उघडत होते, ते मी मागून घेतलं. तुझ्या घसरलेल्या ओळीखाली लिहिलं: लादी ठीक थी. तराई गलत हुई. मिट्टी मिस्त्री ने भरी. मॅडम ने पूछा था, मिस्त्री ने झूठ कहा. खाली पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. वेळ लागला. अक्षर तुझ्यापेक्षा सरळ आलं आहे, बघ.

मागचं आवार अजून झालेलं नाही. तिवारीजींनी काम थांबवून ठेवलं आहे, नव्या लादीचा निकाल येईपर्यंत. नवी लादी मी परवाच ओतली, तेच मिश्रण, तोच दगड, बारा नंबर. परवाच त्यांनी मला तुझ्या खुर्चीवर बस म्हटलं.

तू त्या दिवशी मला सॉरी म्हणालीस, ते परत घे शालू. ते माझं नव्हतं.

लादीवर ओलं पोतं आहे आणि त्यावर प्लास्टिक, कडेने विटा ठेवून दाबलेलं, तू सांगितलं होतंस तसं. बाहेर ऊन चढत चाललं आहे, वारा गरम झाला आहे. मी रोज दुपारी पोत्यांवर येऊन बसतो. छतावर जाळी हलते. बादली भरून पायाशी ठेवलेली आहे. हात सारखा तिच्याकडे जातो.

पाणी मारत नाही.